क्लचची हवा काढली, पण ती शिरली कुठून?

दुरुस्तीनंतर आठ-पंधरा दिवस गाडी छान चालते. मग एका सकाळी क्लचचं पेडल पायाबरोबर खाली जातं आणि वर यायचं नाव घेत नाही. रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो. यवतमाळ जिल्ह्यात मुकुटबनकडे सिमेंट-कोळशाच्या ट्रकांमागे रांगत वणी गाठावी लागते, तिथे हा त्रास लपत नाही. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं असतं: "हवा धरली, काढून देतो." मजुरी साधारण ३०० ते ५०० रुपये, ब्रेक ऑइलचा छोटा डबा दीड-दोनशेचा. काम स्वस्त, म्हणून तेच पुन्हा पुन्हा होत राहतं.

हायड्रॉलिक क्लचची लाइन बंद असते. पहिल्या वेळी हवा नीट निघाली नसेल, हे एकदा मान्य. पण घट्ट झालेलं पेडल परत मऊ पडलं, तर कुठलं तरी रबर गेलंय. ते सापडेपर्यंत पुढचा खर्च थांबवावा. (ऑल्टोसारख्या गाड्यांत क्लच केबलवर चालतो. त्यांना यातलं काही लागू नाही.)

बरंचसं निदान अंगणातच होतं. क्लचच्या ऑइल टाकीवर पातळीची पेनाने खूण करा आणि दोन-चार दिवस गाडी चालवा. पातळी उतरली तर गळती बाहेर आहे. पेडलच्या वर किंवा मॅटखाली ओल असेल तर मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी असेल तर स्लेव्ह सिलिंडर. बऱ्याच गाड्यांत क्लचला आणि ब्रेकला एकच टाकी असते, तेव्हा "चालतंय तोवर चालवू" हे इथे नको. पातळी तशीच, पण हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरल्यावर गिअर अडू लागला, तर मास्टरचं रबर आतल्या आत ऑइल सोडतंय. बाहेर थेंबही दिसत नाही, त्यामुळे हा दोष हमखास सुटतो आणि हवेच्या नावावर खपतो. दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून रबरी पाइप फुगतो का, तेही पाहा. सगळं ठीक असून गिअर अडत असेल, तरच प्रेशर प्लेटकडे वळा.

मास्टर सिलिंडर ढोबळमानाने दीड ते साडेतीन हजारांत येतो, बाहेर बसवलेला स्लेव्ह हजार ते अडीच हजारांत. बदलायची मजुरी पाचशे-हजार. नुसतं रबर किट काही शेकड्यांत मिळतं, पण सिलिंडर आतून खरवडला असेल तर ते टिकत नाही.

खरा फटका बसतो तो स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगसोबत असलेल्या गाड्यांत. भाग तीन ते सहा हजारांचा, पण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी वेगळी, तीन-पाच हजार. क्लच प्लेट बदलताना "हा चांगला आहे, राहू द्या" असं मिस्त्री म्हणाला तर ऐकू नका. नव्या प्लेटमुळे पिस्टन सिलिंडरच्या वेगळ्या जागी चालू लागतो. तिथे मळी-गंज असेल तर जुनं रबर कापलं जातं. नवी प्लेट घातल्यावरच त्रास सुरू झाला, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. मग तोच गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरतो.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद डब्यातलं. ते हवेतला ओलावा ओढतं: नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो. चुकून इंजिन ऑइल पडलं तर सगळी रबरं फुगतात, आणि मग एकेक सिलिंडर बदलून भागत नाही.

मोठं काम वणीला करा की यवतमाळला, दोन गोष्टी आधी ठरवा: जुने भाग परत हवेत, आणि बिलावर भागाचं नाव, मजुरी व वॉरंटी स्वतंत्र लिहिलेली हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. बिलात २८ दिसले तर विचारा. त्याच दोषासाठी पुन्हा मजुरी मागितली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे मिटलं नाही तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. तिथे पहिलं बिल मागतील, म्हणून "बिल कशाला, आपलीच माणसं" या आग्रहाला बळी पडू नका.