काळ्या वाळूचा साका आणि परक्या हातातला पारा

नदीच्या वाळूतून छंद म्हणून सोने शोधणाऱ्यांचे खरे नुकसान नदीवर होत नाही. ते घरी, शेवटच्या धुण्यात होते. परातीत किंवा पन्हळीत वाळू धुतल्यावर तळाशी जी जड, बहुतांशी काळी वाळू उरते तिला येथे साका म्हटले आहे, आणि मॅग्नेटाइट, इल्मेनाइट, गार्नेट या खनिजांबरोबर पिठीइतके बारीक सोने याच साक्यात दडलेले असते. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, मॅग्नेटाइट सुमारे ५.२ पट आणि गारगोटी २.६५ पट असल्यामुळे गारगोटी सहज वाहून जाते. परंतु सोने मऊ असून प्रवाहात ठेचले गेल्याने त्याचे पापुद्रे होतात, आणि असा पापुद्रा काळ्या वाळूच्या जाड कणाबरोबर वाहतो किंवा पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणामुळे, चक्क वर तरंगतो.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १८५१ मध्ये सोन्यासाठी झुंबड उडाली, आणि बॅलरॅट, बेंडिगो, कॅसलमेन या भागांतील ओढ्यांमध्ये ‘मायनर्स राइट’ हा परवाना काढून हाताच्या अवजारांनी सोने शोधण्याची मुभा आजही आहे. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या प्रस्तुत लेखकाने दोन वर्षांच्या सुट्ट्या खर्चून तेथे आठ किलो कोरडा साका जमवला होता. तो स्वतः धुण्याचा धीर न झाल्याने हलते टेबल, म्हणजे तिरप्या, खाचा पाडलेल्या फळीला हिसके देऊन जड कण वेगळे करणारे यंत्र, बाळगणाऱ्या एका जुन्या जाणत्याकडे दहाव्या हिश्श्याच्या बोलीवर तो देण्यात आला. ही बोली केवळ तोंडी होती. साका ताब्यात घेताना त्या गृहस्थांनी एकच प्रश्न दोनदा विचारला: यातले काही घरी धुऊन पाहिले आहे काय? ‘नाही’ हे उत्तर त्या वेळी खरे होते, आणि प्रश्नामागे काळजी आहे असा समज झाला.

त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की सगळा साका नीट कालवून, त्याचा शंकूसारखा ढीग करून, त्याचे चार भाग पाडत पाडत ५०० ग्रॅम नमुना आधीच काढून ठेवलेला होता. परत आलेले सोने १.४ ग्रॅम भरले. त्यानंतर धुतलेल्या नमुन्यातून मात्र ०.२५ ग्रॅम सोने निघाले; त्या हिशेबाने दिलेल्या साडेसात किलोतून त्यांच्या दहाव्या हिश्श्यासह पावणेचार ग्रॅमच्या आसपास निघावयास हवे होते. नमुन्यात थोडी चूक संभवते, पण निम्म्याहून अधिक नव्हे.

परत आलेली वाळू पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत, दिव्याखाली पुन्हा धुण्यात आली. काळी वाळू पुढे सरकली, मागे सोन्याची चंद्रकोर उमटेल अशी अपेक्षा होती, आणि तेथे मोहरीएवढा चंदेरी थेंब दिसला, जो काडीने दाबताच दोन झाला आणि थाळी कलताच पुन्हा एक झाला. त्याच्या शेजारचे पापुद्रे पिवळे नव्हते, पांढरे पडले होते. न विचारता पारा वापरला गेला होता. विचारणा केल्यावर हा पारा जुन्या खाणकामगारांचा, ओढ्यातूनच आलेला, असे सांगण्यात आले. एकोणिसाव्या शतकात तेथे पारा वापरला जाई हे खरे, परंतु नमुन्याच्या वाळूत त्याचा एक कणही नव्हता. यानंतर त्या गृहस्थांकडून फोन उचलला जाणे थांबले, आणि प्रस्तुत लेखकाला ‘धुता येत नाही’ असे इतरांना सांगण्यात आले. त्याचे शल्य अजून आहे.

पारा सोन्याला माखून घेतो आणि दोहोंचे पारदसंमिश्र, म्हणजे लोण्यासारखा मऊ गोळा, बनते; मात्र जास्त घुसळल्यास पाऱ्याचीच पिठी होते, तिचे थेंब पुन्हा जुळत नाहीत आणि सोने घेऊन वाहून जातात. सोने चोरीस गेले की असे वाया गेले याचा निवाडा करता येणार नाही. मालकाचे नुकसान दोन्हींत सारखेच. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो, त्याच्या वाफेला वास नसतो, ती मज्जासंस्था व मूत्रपिंडे बिघडवते. आपल्याकडे सोनारांच्या दुकानांतील केर धुणारे झारेकरी हा धोका पोटासाठी पत्करत आले. छंदासाठी तो पत्करण्याचे काही कारण नाही. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला.

पाऱ्याविनाही काम होते. इंचाला ३०, ५० आणि १०० भोके असलेल्या चाळण्यांतून साका गाळून प्रत्येक आकार स्वतंत्र धुवावा. जाड व बारीक कण एकत्र धुण्याइतकी मोठी चूक दुसरी नाही. पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे तरंगणारे सोने बुडते. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाण्यातच फिरवावे आणि निघालेली वाळू दोनदा पुन्हा पसरून तपासावी, कारण मॅग्नेटाइटचे झुबके सोने अडकवून नेतात. चकाकणारा कण सुईने दाबावा: चेपला तर सोने, फुटला तर पायराइट, पापुद्रा सुटला तर अभ्रक. धीर धरावा, घाई करू नये. धुतलेली वाळू टाकू नये. साका दुसऱ्याला द्यायचाच असेल तर तो वाळवून, तोलून, नमुना काढून, पद्धत व हिस्सा कागदावर लिहून घेऊन, शक्यतो समोर बसूनच धुऊन घ्यावा.

पारा लागलेली ती वाळू ओढ्यात किंवा मोरीत ओतता येत नाही. ती पाण्याखाली बुडवून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तारखेची चिठ्ठी लावून, घातक कचरा संकलनाच्या पुढील दिवसासाठी ठेवलेली आहे. नमुन्याची बाटली मात्र तिच्याबरोबर जाणार नाही.