बाहेरचे गाणे, आतले बळ

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, घनदाट अरण्याने वेढलेल्या डोंगरात, कचारगड हे प्रसिद्ध स्थान आहे. मुंबई–हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावची वाट धरली, म्हणजे हळूहळू वस्ती मागे पडते आणि चढण सुरू होते. ती चढून गेल्यावर एका विशाल नैसर्गिक गुहेचे दर्शन घडते. दर वर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून भाविक येतात आणि ढोलांच्या नादाने सारे खोरे दुमदुमून जाते.

या गुहेची एक कथा गोंड समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. माता कली कंकाली हिची तेहतीस मुले फार खोडकर होती. त्यांच्या उपद्रवाला कंटाळून शंभूने त्यांना या गुहेत कोंडले आणि दारावर प्रचंड शिळा लोटली. मुलांच्या वियोगाने माता व्याकूळ झाली. पुढे पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांना मुलांची दया आली. परंतु शिळा हलावी कशी? तेव्हा हिरासुका पाटालीर नावाचा वादक गुहेच्या दाराशी आला आणि त्याने आपले वाद्य छेडले. ते मधुर स्वर आत पोहोचताच निराश झालेल्या मुलांच्या अंगी नवे चैतन्य संचारले. सर्वांनी एकदम जोर लावला आणि शिळा गडगडत खाली गेली. मुले मुक्त झाली. परंतु तो वादक मात्र त्या शिळेखाली सापडून प्राणास मुकला.

ही कथा ऐकताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. शिळा लोटली ती आतील मुलांनी. परंतु ती लोटण्याचे धैर्य त्यांना बाहेरच्या सुरांनी दिले. बाहेर कोणीतरी आपल्यासाठी उभा आहे, हे कळताच त्यांना आपल्याच अंगातील बळाची ओळख पटली.

आजही कित्येक मुले अशीच कोंडलेली असतात. त्यांच्या दारावर शिळा नसते, तरी त्यांना बाहेर पडता येत नाही. दीर्घ आजारामुळे महिनोन्‌महिने ती रुग्णालयाच्या खाटेवर पडून असतात. खिडकीतून मैदान दिसते, चेंडू उसळताना दिसतो. पण पायांना तेथे जाण्याची परवानगी नसते. औषधाने शरीराचे दुःख हलके होते, तथापि ‘आपण सर्वांच्या बाहेर पडलो’ हे दुःख औषधाने जात नाही. ते दूर करण्याचे काम काही क्रीडासंघांनी मोठ्या आपुलकीने केले आहे.

अमेरिकेत आयोवा सिटी नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठाचे विशाल क्रीडांगण आणि मुलांचे रुग्णालय ही अगदी शेजारी शेजारी आहेत. रुग्णालयाची नवी बारामजली इमारत २०१७ साली सुरू झाली. तिच्या वरच्या मजल्यावरील खिडक्यांतून सारे मैदान दिसते. आपल्या संघाचा सामना असला, की आजारी मुले आईवडिलांसह त्या खिडक्यांशी जमू लागली. हे ध्यानी घेऊन एका क्रीडाप्रेमी स्त्रीने सुचवले, की सामन्याच्या चार भागांपैकी पहिला भाग संपताच सर्व प्रेक्षकांनी वळून त्या मुलांकडे पाहावे आणि हात हलवावेत. सर्वांना ही कल्पना मनापासून आवडली. २०१७ च्या सप्टेंबर महिन्यापासून हा प्रघात सुरू झाला. सुमारे सत्तर हजार प्रेक्षक उठून उभे राहतात. दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचही वर पाहून हात उंचावतात. क्षणापूर्वी एकमेकांविरुद्ध झुंजणारे त्या वेळी एक होतात, आणि वरच्या खिडक्यांतून लहान लहान हात त्यांना उत्तर देतात.

याच विद्यापीठाच्या संघाने २००९ पासून आणखी एक प्रथा पाळली आहे. रुग्णालयात उपचार घेतलेल्या मुलांतून प्रत्येक सामन्यासाठी एक ‘बालकर्णधार’ निवडला जातो आणि त्याचा गौरव केला जातो. खाटेवर जे मूल केवळ ‘रुग्ण’ होते, ते त्या दिवशी संघाचे कर्णधार म्हणून ओळखले जाते.

असाच एक प्रसंग ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे घडला. २६ डिसेंबर २०१८ रोजी भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटी सामना तेथे सुरू व्हावयाचा होता. सात वर्षांचा एक मुलगा जन्मापासून हृदयविकाराने पीडित होता. एवढ्या लहान वयात त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तुझी इच्छा काय, असे विचारता त्याने सांगितले, की मला ऑस्ट्रेलियाच्या संघाचा कर्णधार व्हावयाचे आहे. इतरांनी हा बालहट्ट म्हणून हसण्यावारी नेला असता. परंतु संघाने त्याला सहकर्णधार म्हणून सन्मानाने आपल्यात घेतले. नाणेफेकीच्या वेळी शुभ्र पोशाखातील तो चिमुरडा कर्णधार टिम पेन याच्या शेजारी ऐटीत उभा होता. समोर भारताचा कर्णधार विराट कोहली होता आणि भोवती हजारो प्रेक्षक होते.

पुढे सामना नेहमीच्याच ईर्ष्येने खेळला गेला. भारताने तो १३७ धावांनी जिंकला. त्या मुलाच्या संघाच्या वाट्याला पराभव आला खरा; परंतु संघाच्या जयापजयात वाटेकरी होण्याचा मान त्याला मिळाला, आणि त्याला हवे होते तेही हेच.

अशा मुलांना केवळ टाळ्या मिळाव्यात एवढेच पुरेसे नाही; संधी मिळाली तर ती स्वतः मैदानही गाजवू शकतात. कर्करोगातून बरी झालेली मुले भाग घेतात, असे खेळांचे जागतिक सामने रशियातील मॉस्को येथे भरत असत. तेथे धावणे, पोहणे, बुद्धिबळ, टेबल टेनिस असे खेळ खेळले जात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार घेऊन बऱ्या झालेल्या मुलांचा संघ २०१९ साली भारताच्या वतीने तेथे गेला आणि पदके जिंकून परतला. एके काळी ज्यांना खाटेवरून उठणेही कठीण होते, ती मुले देशाचे नाव घेऊन मैदानात उतरली. बाहेरच्या गाण्याने आतले बळ कसे जागे होते, याचे याहून चांगले उदाहरण कोणते असणार?

आता पुन्हा कचारगडच्या परिसराकडे वळू. पूर्व विदर्भातील कित्येक कुटुंबांत, विशेषतः आदिवासी समाजात, सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात आणि सुमारे १२० दिवस टिकतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात आणि १० ते २० दिवसांतच नाश पावतात. त्यामुळे शरीरात रक्त कमी पडते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या, की सांध्यांत व हाडांत असह्य वेदना होतात. हा आजार आईवडिलांकडून जन्मतःच येतो. एकत्र खेळल्याने, जेवल्याने अथवा शेजारी बसल्याने तो कोणालाही होत नाही. त्याच्या निर्मूलनासाठी भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे.

वर्गातील एखादा मुलगा खेळाच्या तासाला वारंवार झाडाखाली बसून राहतो. धावताना त्याला लवकर दम लागतो. थंडीच्या दिवसांत त्याचे गुडघे ठणकतात. हे ज्यांना ठाऊक नसते ते त्याला आळशी म्हणतात, आणि आपल्याला कोणी हसू नये म्हणून तोही आपली वेदना लपवतो. आजार लपवला, की उपचारालाही विलंब होतो. एका चेष्टेच्या शब्दाने दारावरची शिळा अधिकच जड होते.

असा मुलगा आपल्या संघात असू शकतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढे तो खेळेल. मध्ये थांबून पाणी पिईल, विसावा घेईल. ज्या दिवशी धावणे शक्य नसेल, त्या दिवशी तो गुण मोजील, पंचाची शिट्टी वाजवील, नाणेफेकीला कर्णधाराबरोबर उभा राहील. त्यासाठी सत्तर हजार प्रेक्षकांची आवश्यकता नाही. ‘चल, तुझ्यावाचून संघ पुरा होत नाही,’ असे म्हणणारा एक मित्र पुरेसा आहे.

माघ पौर्णिमेला कचारगडावर ढोल वाजू लागतात, तेव्हा त्या जुन्या वादकाचे स्मरण होते. त्याने स्वतः शिळा ढकलली नाही. त्याने आतल्या मुलांना हाक घातली. ती हाक ऐकण्यासाठी आजही कोणी दाराआड वाट पाहत असेल.

अभ्यास

१. कचारगडच्या कथेतील मुलांच्या अंगी बळ कशामुळे आले?

२. आयोवा सिटी येथील प्रेक्षक सामन्याच्या मध्ये काय करतात? दोन्ही संघांचे खेळाडू त्यात भाग घेतात, याचे महत्त्व सांगा.

३. ‘त्याला हवे होते तेही हेच.’ हे वाक्य कोणाविषयी आहे? त्याला काय हवे होते?

४. सिकलसेलचा आजार असलेल्या सोबत्याला आपल्या खेळात कसे सामावून घ्याल, ते आठ-दहा ओळींत लिहा.