सभाधीटपणा

गेल्या वर्षी निपाणीच्या एका वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेले भाषण तिसऱ्याच वाक्याला विसरलो. घशाला कोरड पडली. निमूट खाली उतरलो.

सुट्टीत लोकमान्यांचे बेळगावचे भाषण वाचले. १ मे १९१६ रोजी ते इथे स्वराज्यावर मराठीत बोलले. टिळक काही अलंकारिक वक्ते नव्हेत. मुद्दा साधा: बादशहा तोच राहो, मधली नोकरशाही बदला. (आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, मालक तोच, मुनीम बदला!) या व नगरच्या भाषणांबद्दल सरकारने वीस हजारांचा जातमुचलका मागितला. बॅ. जीनांनी बाजू मांडली आणि नोव्हेंबरात हायकोर्टाने हुकूम रद्द केला. एवढे वजन त्या साध्या बोलण्याला होते.

तेव्हापासून पाठांतर सोडले. चिठ्ठीवर चारच शब्द लिहितो. विषय आधी आईला मराठीत सांगतो, मग तंबाखूच्या वखारीतल्या हमालमामांना कानडीत. माझी कानडी अडखळते. ते शब्द दुरुस्त करतात आणि "मुंदे हेळो" म्हणतात, म्हणजे पुढे सांग. चुकलो म्हणून कुणी उठून गेले नाही.

परवा वर्गात १९३२ च्या भागीदारी कायद्यावर पाच मिनिटे बोललो. पाय लटपटत होतेच. मुद्दा मात्र सुटला नाही.