दंडावरची लस मूत्राशयात

विनय : ताई, मामांची गाठ दुर्बिणीतून काढली. आता नागपूरचे डॉक्टर म्हणतात, बीसीजी देऊ. ती तर टीबीची लस ना? बाळाच्या दंडावर टोचतात ती?

ताई : तीच. फक्त मात्रा कितीतरी जास्त. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी वेगळी बनवते. नळीनं आत सोडतात, दोनेक तास लघवी रोखून धरायची. दर आठवड्याला एकदा, असं सहा वेळा.

विनय : जंतूनं कॅन्सर मरतो?

ताई : जंतू नाही, आपल्याच पेशी मारतात. आधी गाठ कशी झाली ते ऐक. मामांनी तरुणपणापासून बिड्या ओढल्या. धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडात, तिथून लघवीत उतरतात आणि तासन्‌तास अस्तराला लागत राहतात.

विनय : मग पांढऱ्या पेशी काय करत होत्या?

ताई : तिथंच होत्या! मी काचपट्टीवर बघते ना, गाठीभोवती कधीकधी नुसती दाटी असते. पण त्यातल्या मॅक्रोफेज पेशींना दोन कामं येतात. जंतू गिळणं आणि जखम भरणं. गाठ रसायनं सोडून त्यांना दुसऱ्या कामाला जुंपते. मग त्या गाठीसाठीच नव्या रक्तवाहिन्या उभ्या करतात, कॅन्सर मारणाऱ्या टी-पेशींना गप्प बसवतात. जागलीवरच्या माणसानं रानडुकरं हाकलायची सोडून त्यांनाच पाणी पाजावं, तसं. वर गाठीच्या पेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन आणतात; त्याला भिडली की टी-पेशी थंडावते.

विनय : आणि बीसीजी?

ताई : अस्तराच्या पेशी ते जिवाणू आत घेतात आणि धोक्याचे संदेश सुटतात. आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावतात, मागोमाग टी-पेशी. टी-पेशी नसलेल्या उंदरांवर बीसीजी चालत नाही, हे प्रयोगात दिसलंय. कॅनडाच्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये अवघ्या नऊ रुग्णांचा अनुभव छापला. एवढ्या जुन्या, साध्या लशीला अजून तोड नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विनय : त्रास होईल?

ताई : जळजळ, सारखी लघवी, थोडी कणकण. ताप उतरेना तर लगेच डॉक्टर गाठायचा. त्या दिवशी सहा तास लघवी बसून करायची, संडासात ब्लीच टाकायचं. आणि बिडी बंद म्हणजे बंद. मामांचं नशीब, गाठ स्नायूत शिरली नव्हती. शिरली की बीसीजी पुरत नाही, बहुतेकदा मूत्राशयच काढावं लागतं. लघवीतून रक्त जायचं, पण दुखत नव्हतं, म्हणून 'उन्हाळी लागली' म्हणत त्यांनी दिवस काढले.

विनय : आमच्या शाळेचे शिपाईकाकाही तेच म्हणत होते.

ताई : रक्त जातं? उद्याच त्यांना वसंतराव नाईक मेडिकल कॉलेजात घेऊन जा. लघवी तपासू दे, सोनोग्राफी होऊ दे.