नेतृत्व आणि मनाची छाया

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ९ व्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद सांगून त्यांत भिषकास प्रधान मानले आहे. अर्थात वैद्य हा नेताही होय.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनी, मनुष्य स्वतःचा म्हणून जो अंश नाकारतो, त्यास ‘छाया’ म्हटले. ती नष्ट होत नाही; नकळत दुसऱ्यावर आरोपित होते. स्वतःचा लोभ न ओळखणाऱ्या औषधालयप्रमुखास प्रत्येक सहकारी लोभी भासतो. मग मात्रेतील चूक सांगण्यास उपस्थाता धजावत नाही आणि तिचे फळ रोगी भोगतो.

७ व्या अध्यायात लोभ, क्रोध, मान, ईर्ष्या इत्यादी मनोवेग धारणीय सांगितले आहेत. धारण म्हणजे वेग ओळखून आवरणे. नाकारणे म्हणजे तो आपल्यात नाहीच असे मानणे. पहिल्यात धृती आहे, दुसऱ्यात प्रज्ञापराधाचे बीज आहे, असे आम्हांस वाटते.

म्हणून सहकाऱ्याच्या दोषाने प्रमाणाबाहेर संताप आल्यास तोच दोष आपल्यात आहे काय, हे प्रथम तपासावे. आठवड्यातून एकदा संधाय संभाषेच्या रीतीने कनिष्ठांस निर्भयपणे बोलू द्यावे. चूक वेळीच कानी येणे, हेच प्रधानाचे आरोग्यलक्षण समजावे.