‘बिल’ या शब्दाचा अभ्यास

जयसिंगपूरच्या आसपासच्या गावांत ऊस कारखान्यास गेला म्हणजे घरोघरी एकच प्रश्न कानी पडतो : “उसाचं बिल आलं काय?” त्याच घरी विजेचेही बिल येते. एका बिलाने पैसा घरात येतो, दुसऱ्याने जातो. शब्द एकच असून असे का व्हावे, याचा विचार आज आम्ही करणार आहो.

इंग्रजीत ‘बिल’ या एकाच उच्चारात निरनिराळे शब्द येऊन मिळाले आहेत. पक्ष्याच्या चोचीस बिल म्हणतात. वाकड्या पात्याच्या कापण्याच्या हत्यारासही बिल म्हणतात. ते आपल्या कोयत्यासारखेच असते. हे दोन्ही शब्द 1000 वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले आहेत. शिवाय विल्यम नावाच्या मनुष्यास घरची माणसे ‘बिल’ अशी हाक मारतात. उंदराचे बीळ मात्र संस्कृतातून आलेले आहे. त्याचा यांच्याशी संबंध नाही.

कागदाच्या बिलाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘बुल्ला’ म्हणजे पाण्यावरील बुडबुडा. त्यावरून गोल वस्तूस, आणि पुढे पत्रास लावलेल्या गोल मुद्रेस तेच नाव पडले. रोमच्या पोपची आज्ञापत्रे शिशाच्या मुद्रेने प्रमाणित होत, म्हणून त्यांस ‘बुल’ म्हणतात. मुद्रेचे नाव कागदास लागले आणि इंग्लंडात त्याचे ‘बिल’ झाले. बातमीपत्रास म्हणतात ते ‘बुलेटिन’ व बंदुकीची गोळी ‘बुलेट’ हीही याच मुळाची आहेत.

या बिलाचे अर्थ पुढे वाढत गेले. दुकानदाराचा हिशेब बिल. विधिमंडळापुढील कायद्याचा मसुदा, म्हणजे विधेयक, तेही बिल. अमेरिकेत तर चलनी नोटेसही बिल म्हणतात. लूककृत शुभवर्तमानाच्या 16 व्या अध्यायातील कारभाऱ्याच्या दाखल्यात ऋणकोंच्या कर्जाचा जो कागद आहे, त्यास 1611 च्या इंग्रजी भाषांतरात बिल हाच शब्द घातला आहे. तात्पर्य, बिल म्हणजे देण्याघेण्याचा लेख. घेणारा कोण व देणारा कोण हे शब्दात नसून त्या कागदात असते.

आपल्या भागात तर उसाचे बिल म्हणजे कागद नव्हे, प्रत्यक्ष पैसाच असे लोक समजतात. येथेच सावध राहावे. कागद हाती येणे आणि रक्कम खात्यात जमा होणे या दोन गोष्टी आहेत. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने असे ठरवून दिले की, निराळा लेखी करार नसेल तर ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत किंमत द्यावी, आणि विलंब झाल्यास दरसाल दर शेकडा 15 प्रमाणे व्याज द्यावे. म्हणजे 1,00,000 रुपये एक महिना थकले तर व्याज 1,250 रुपये होते. ही लहान रक्कम नव्हे.

म्हणून कोणतेही बिल हाती आले की तीन गोष्टी पाहाव्या : कोणी कोणास द्यावयाचे आहे, किती द्यावयाचे आहे, आणि कोणत्या तारखेस. उसाच्या बिलात वजन, दर व सोसायटीच्या कर्जाची कपात हीही ताडून पाहावी. ज्यास वाचता येते त्याने न वाचता येणाऱ्या शेजाऱ्यास त्याचे बिल वाचून दाखवावे, आणि तो समजेपर्यंत त्यास अंगठा उठवू देऊ नये.