पश्चातबुद्धी आणि लॉकनट



नेवाडा राज्यातील रेनो येथे १७ सप्टेंबर २०२३ रोजी शर्यत आटोपून उतरताना दोन टी-६ विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्ही वैमानिक गेले. त्या दिवशी जमिनीवरच्या मदतनिसांत माझा चिरंजीव शिष्य होता. आता न्यू मेक्सिकोतील रॉझवेलला भरू लागलेल्या शर्यतींचे बोलावणे हाती आले असतानाही त्याचे मन 'आपल्या नजरेतून काय सुटले' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे, म्हणून हे पत्र.

अपघातानंतर दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: कारण कोणते आणि दोष कुणाचा. पहिल्याचे उत्तर तपासाने मिळते व त्याला महिने लागतात. दुसरा मात्र त्याच रात्री उशाशी येऊन बसतो आणि पहिल्याचे उत्तर येईपर्यंत थांबत नाही. याच रेनोत १६ सप्टेंबर २०११ रोजी 'गॅलपिंग घोस्ट' हे पी-५१ मस्टँग विमान प्रेक्षकांच्या आसनांजवळ कोसळले आणि ७४ वर्षांचे वैमानिक जिमी लीवर्ड यांच्यासह ११ जण मृत्युमुखी पडले, ६० हून अधिक जखमी झाले. प्रथमदर्शनी अनेकांच्या मनात वैमानिकाच्या वयाचा विचार आला असेल, तर त्यात नवल नाही. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा ऑगस्ट २०१२ मधील निष्कर्ष बोट ठेवतो तो काही स्क्रूंवर. विमानाचे नाक वरखाली करणारा शेपटीचा हलता भाग म्हणजे एलिव्हेटर, आणि त्याच्या काठाला, वैमानिकाच्या हातावरचा भार हलका करण्यासाठी, बसवलेली लहान पट्टी म्हणजे ट्रिम टॅब. ही पट्टी धरून ठेवणाऱ्या स्क्रूंच्या लॉकनटमधील पकड देणारे अस्तर झिजले होते, त्यामुळे स्क्रू सैल पडले, एका स्क्रूला धातू थकून भेग गेली, आणि शर्यतीच्या वेगात पट्टी फडफडू लागली. या फडफडीला फ्लटर म्हणतात. पट्टीची जोडणी तुटताच विमान असे उसळले की वैमानिकावर गुरुत्वाच्या किमान १७ पट भार आला, म्हणजे ७० किलोंच्या देहाला सुमारे १,२०० किलोंचा. अशा भाराखाली शुद्ध टिकत नाही. विमानात केलेले मोठे फेरफार नोंदवले वा चाचणीतून पारखले गेले नव्हते, हेही मंडळाने नमूद केले.

याच्या शेजारी १९९८ ची घटना ठेवून पाहावी. त्या वर्षी रेनोतच 'वूडू' या मस्टँगची ट्रिम टॅब अशीच तुटली, वैमानिक बॉब हॅना बेशुद्ध झाले, पण बऱ्याच उंचीवर गेल्यावर त्यांना शुद्ध आली आणि ते सुखरूप उतरले. बिघाड जवळजवळ तोच; एकदा कुणीच गेले नाही, एकदा ११ गेले. परिणाम किती भीषण यावरून चूक किती मोठी हे मोजणारा माणूस नशिबाचा हिशेब स्वतःच्या खाती मांडतो. मराठीत यासाठी पश्चातबुद्धी हा नेमका शब्द आहे, म्हणजे घडून गेल्यावर आलेले शहाणपण, जे आधीच होते असे मनाला वाटू लागते. चिरंजीवाला आज आठवणारा 'तो क्षण' त्या दुपारी शेकडो क्षणांसारखाच एक होता.

देहाच्या बाबतीत मात्र तर्क पुरत नाही. झोप उडणे, इंजिनाच्या आवाजाने दचकणे, तेच दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे येणे हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ओसरते. महिना उलटूनही ते टिकले व कामात अडथळा येऊ लागला, तर आघातोत्तर तणावविकाराची तपासणी करून घ्यावी. चिरंजीवाच्या बाबतीत तर दोन वर्षे उलटून गेली आहेत. आघातावर केंद्रित मानसोपचार, म्हणजे प्रशिक्षित तज्ज्ञाबरोबर ती आठवण टप्प्याटप्प्याने हाताळण्याची पद्धत, यात उपयोगी ठरते. दारू झोप आणते असे वाटते, प्रत्यक्षात ती मोडते. अपघाताची चित्रफीत पुन्हापुन्हा पाहणे हा तपास नव्हे. (प्रेक्षकांच्या छायाचित्रांतच २०११ च्या तपासनिसांना ट्रिम टॅब गळालेली दिसली, हे खरे, पण ते पाहणे त्यांचे काम होते.)

रॉझवेलचा निर्णय बोलावण्याच्या तारखेवर सोपवू नये. आपल्याकडे सुतकाचे दहा दिवस असतात, त्यांत घरच्यांकडून कुणी कामाची अपेक्षा ठेवत नाही. शर्यतीच्या मैदानाला सुतक नसते, म्हणून ते ज्याचे त्याने पाळावे लागते आणि ज्याचे त्याने फेडावेही लागते. रेनोत २०१२ साली शर्यती पुन्हा भरल्या, पण त्याआधी एप्रिलमध्येच मंडळाने मार्गाची आखणी, प्रेक्षकांपासूनचे अंतर आणि वैमानिकांना गुरुत्वभाराचे प्रशिक्षण यांविषयी शिफारशी केल्या होत्या. चिरंजीवानेही परतायचे तर तसेच आधी तयारी करून, मैदानावर नको, हँगरमध्ये परतावे: जुना लॉकनट बोल्टवर फिरवून पाहावा, तो नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत सरकला तर पकड गेली असे समजून टाकून द्यावा, नवा बसवावा आणि नोंदवहीत लिहून सही करावी. असे काही आठवडे हात चालल्यावर बोलावण्याला उत्तर द्यावे, होय किंवा नाही.